ताडपत्री फाटते ती दोरीपाशी!

घरच्या मशिनवर ताडपत्री शिवणाऱ्या आमच्या भगिनी पुष्कळ आहेत. कुणी मुलाच्या गडावरच्या सहलीसाठी शिवते, कुणी गावच्या जत्रेतल्या दुकानावर टाकायला शिवते, कुणी कुटुंबाच्या मुक्कामासाठी. आपल्या समाजात तर मुक्कामाचे प्रसंग वर्षभर चालूच असतात. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जावे तर रात्रीची थंडी आणि पहाटेचे दव. २० मार्चला महाडला जावे तर डोक्यावर कोकणातले ऊन. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जावे तर परतीच्या पावसाची भीती. ६ डिसेंबरला तर कुणी पावसाची तयारी करून येत नाही. पण २०१७ साली ५ डिसेंबरला ओखी चक्रीवादळामुळे मुंबईत अवेळी पाऊस आला, शिवाजी पार्कवर चिखल झाला आणि चैत्यभूमीला आलेल्या अनेक बंधु-भगिनींना मुलाबाळांसह जवळच्या महापालिका शाळांत आसरा घ्यावा लागला. अशा वेळी पिशवीत घडी करून ठेवलेली, घरी शिवलेली, हलकी पण भक्कम ताडपत्री किती कामाची असते हे वेगळे सांगायला नको.

पण भक्कम म्हणजे काय? बहुतेकजण जाड कापड घेतात आणि निश्चिंत होतात. फाटलेल्या ताडपत्र्या एकदा नीट पाहा. मधोमध फाटलेली क्वचितच दिसेल. ती फाटते कोपऱ्यात किंवा कडेला, जिथे दोरी बांधलेली असते तिथे. म्हणजे कापड शाबूत राहते, बांधण्याची जागा जाते. म्हणून आजच्या या लेखात आम्ही कापडाविषयी थोडे आणि दोरी बांधायच्या जागांविषयी जास्त लिहिणार आहोत. शिवणाचा खरा कस तिथेच लागतो.

वाऱ्याचा जोर किती?

ताडपत्री म्हणजे वाऱ्यापुढे धरलेले शीड. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला सुमारे ८ किलोचा दाब पडतो. आपली ताडपत्री ३ मीटर लांब-रुंद धरली, म्हणजे साधारण ९ चौरस मीटर, तर सगळा मिळून ७० किलोच्या आसपास जोर झाला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, ८० किलोमीटर झाला, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलो. हा सगळा जोर शेवटी कुठे येतो? आठ दोऱ्या असतील तर त्या आठ जागांवर. आणि तोही सारखा वाटून येत नाही. वाऱ्याच्या बाजूच्या दोन-तीन दोऱ्या बहुतेक भार घेतात.

पाण्याचेही तसेच आहे. ताडपत्री सैल पडून मध्ये झोळ झाला आणि एक चौरस मीटर जागेत ५ सेंटिमीटर पाणी साचले, की ते ५० किलो झाले. एक गोणीभर तांदूळ डोक्यावर टांगल्यासारखेच. म्हणून बांधायच्या जागा मजबूत हव्यात, तसेच ताडपत्री उतरती आणि ताणलेली हवी.

पितळी रिंग की शिवलेला लूप?

बाजारच्या ताडपत्रीला कडेने रिंगा ठोकलेल्या असतात. घरी शिवतानाही अनेकजणी तेच करतात, कारण काम पटकन होते. पण रिंग ठोकायची म्हणजे आधी कापडाला भोक पाडायचे. ज्या धाग्यांनी ताण घ्यायचा तेच धागे आपण तोडतो. मग उरलेल्या धाग्यांना रिंगेने चिमटून धरायचे. जाड कॅनव्हासला आणि दुहेरी-तिहेरी घडीच्या कडेला ते पुष्कळ दिवस टिकते. पातळ कापडात मात्र रिंग हळूहळू सैल होते, आणि एका वादळी रात्री दोरीसकट निघून जाते. मागे राहते चिरलेले कापड.

शिवलेल्या लूपचे तसे नाही. पॅंटच्या कमरेला बेल्ट अडकवायला जसे लूप असतात, तसेच हे. फक्त जाड पट्टीचे. यात कापडाला भोक पाडावे लागत नाही. ताण पंचवीस-तीस टाक्यांत वाटला जातो, टाक्यांखालच्या ठिगळात पसरतो, आणि तिथून मोठ्या कापडात जातो. सगळ्या कामाचे सार एवढेच आहे : ताण एका जागी अडवू नये, वाटून द्यावा.

सामान काय लागेल?

कापड. दुकानात ज्याला पॅराशूट कापड किंवा रेनकोटचे कापड म्हणतात, आतून लेप दिलेले, ते सहलीसाठी चांगले. त्याचा पन्हा साधारण दीड मीटर असतो. ३ मीटरचे दोन तुकडे जोडले की चौकोन होतो. ठिगळांसाठी अर्धा मीटर जास्त धरून साडेसहा मीटर कापड घ्यावे. नायलॉन ओले झाले की सैल पडते, पॉलिएस्टर कमी पडते. दोन्ही मिळत असतील तर पॉलिएस्टर घ्यावे.

हल्ली वस्तीवस्तीत जुन्या फ्लेक्सच्या ताडपत्र्या दिसतात. फुकट मिळतात म्हणून वाईट नाहीत, पण त्या जड असतात, घडीवर तडकतात, आणि शिवणीची भोके त्यांत मोठी होत जातात. फ्लेक्स वापरायचाच असेल तर कड दोनदा दुमडून घ्यावी आणि टाके लांब घालावेत. ज्यावर महापुरुषांचे चित्र आहे असा फ्लेक्स आपण पायाखाली अंथरणार नाही, ताणून फाडणार नाही. कोरा किंवा जाहिरातीचा शोधावा.

पट्टी. शाळेच्या दप्तराच्या खांद्याला असते ती नायलॉनची विणलेली पट्टी, २ सेंटिमीटर रुंदीची. आठ लूपना प्रत्येकी १८ सेंटिमीटरप्रमाणे दीड मीटर पुरते. जुन्या दप्तराची निघाली तरी चालेल, पण उन्हाने विटलेली, हाताला चुरचुरणारी पट्टी घेऊ नये. बाजेची सुती नवार वापरू नये. ती ओली राहून कुजते.

दोरा. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ब्लाउजला वापरतो तो सुती दोरा इथे उपयोगाचा नाही. पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्यावा. रिळावरचा कागद निघून गेला असेल तर दोऱ्याचे टोक काडीने पेटवून पाहावे. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. बॉबिनमध्येही तोच दोरा भरावा. वर पॉलिएस्टर आणि खाली सुती, असे केले तर शिवण खालच्या दोऱ्याइतकीच टिकते.

सुई. पातळ कापडाच्या शिवणीला १४ नंबर, पट्टी आणि ठिगळ एकत्र शिवताना १६ नंबर. कॅनव्हास असेल तर १८. सुई नवी असावी. बोथट सुई धागे बाजूला सारत नाही, तोडते.

टाचण्या. टाचण्या लावू नयेत. लेपाच्या कापडात पडलेले प्रत्येक भोक कायमचे राहते आणि तिथून पाणी झिरपते. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून कापड धरावे.

शिवण्याचा क्रम

आधी दोन तुकडे जोडावेत. पॅंटच्या पायाला असते तशी दुहेरी दुमडीची शिवण घालावी. त्यात कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि उसवत नाहीत. ही मधली जोड म्हणजेच आपल्या तंबूचा वरचा कणा होणार आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहून जाईल, आणि कण्याचा ताण शिवणीच्या लांबीने जाईल, आडवा जाणार नाही. लेपाची बाजू खाली, म्हणजे आतल्या अंगाला, राहील हे पाहावे.

मग ठिगळे कापावीत. त्यासाठी वेगळे मोजमाप नको. जेवणाचे मोठे ताट कापडावर ठेवून खडूने तीन गोल काढावेत. दोन गोल बरोबर मध्ये, धाग्याच्या रेषेत कापले की चार अर्धगोल मिळतात. ते चार बाजूंच्या मध्यांसाठी. तिसरा गोल मात्र उभा-आडवा न कापता तिरका, फुलीच्या आकारात कापावा. त्याचे चार तुकडे चार कोपऱ्यांसाठी.

तिरके का कापायचे, असे कुणी विचारील. ज्या ताई फ्रॉकचा घेर कापतात त्यांना उरेब कापड कसे ताणते हे माहीत आहे. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात ओढले तर ताणत नाही, तिरके ओढले तर रबरासारखे लांबते. ताडपत्रीच्या कोपऱ्याला दोरी तिरकीच ओढते. म्हणून कोपरा लांबतो, बाजूला चुण्या पडतात, आणि वाऱ्यात फडफड सुरू होते. गोल फुलीत कापला की ठिगळाचा सरळ धागा नेमका कोपऱ्याच्या मधल्या रेषेत येतो, आणि मूळ कापडाच्या उरेबला तो आवर घालतो.

ठिगळ गोल का, चौकोनी का नाही? चौकोनी ठिगळाच्या टोकावर ताण येऊन अडतो आणि कापड त्या टोकापासून चिरत जाते. गोल कडेला असे टोक नसते. जुन्या गोधडीवर कोपरे गोल करून ठिगळ लावणाऱ्या आपल्या आयांना हे कुणी शिकवले नव्हते. हाताने केलेल्या कामातून त्यांना कळले होते.

ठिगळ आतल्या बाजूने कोपऱ्याला जुळवून ठेवावे. त्याच्या सरळ कडा ताडपत्रीच्या कडांवर याव्यात. गोल कड १ सेंटिमीटर आत दुमडून तिच्यावरून शिवण घालावी, आणि त्या शिवणीच्या आत अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरी. सरळ कडा आता शिवायच्या नाहीत. सगळी आठ ठिगळे अशी लागली की मग चारी बाजूंची कड दुमडावी : आधी १ सेंटिमीटर, मग २ सेंटिमीटर. ठिगळाच्या सरळ कडा आपोआप त्या दुमडीत अडकतात. कोपऱ्यात घड्या फार होतात आणि मशीन अडते. म्हणून दुमडण्याआधी कोपऱ्याचे टोक कात्रीने थोडे तिरके उडवावे.

लूप कसा लावावा?

आता मुख्य काम. १८ सेंटिमीटरचे पट्टीचे तुकडे करावेत. कापलेली टोके मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरली की वितळून बंद होतात आणि उसवत नाहीत. हे काम मोठ्यांनी करावे. वितळलेले नायलॉन बोटाला चिकटले तर वाईट भाजते.

तुकडा मध्ये दुमडावा. एक पाय कापडाच्या वर, दुसरा पाय कापडाच्या खाली, आणि मध्ये ताडपत्रीची कड, असे सॅंडविचसारखे ठेवावे. दोन्ही पाय कापडावर ५ सेंटिमीटर आत यावेत, ४ सेंटिमीटरचा लूप बाहेर राहावा. बाजूच्या लूपची दिशा कडेला काटकोनात. कोपऱ्याच्या लूपची दिशा कोपऱ्याच्या मधल्या रेषेत, म्हणजे समोरच्या कोपऱ्याकडे.

पुष्कळजणी दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवून टोकाशी दोन टाके मारतात. मग दोरी ओढली की पट्टी सोलल्यासारखी निघते. भिंतीला चिकटवलेला कागद एका टोकाने उचलून ओढला तर चटकन निघतो. तोच भिंतीला समांतर ओढला तर निघत नाही. लूपचेही तसेच. कड दोन पायांच्या मध्ये असली की ओढ कापडाच्या सपाटीत राहते आणि सगळे टाके मिळून भार घेतात.

शिवण अशी घालावी. पट्टीच्या कडेकडेने एक लांबट चौकोन, आणि त्या चौकोनात फुली. सुई कोपऱ्यावर आली की ती कापडात तशीच रुतलेली ठेवावी, मशीनचा पाय उचलावा, कापड फिरवावे आणि पाय खाली सोडून पुढे जावे. अशाने दोरा न तोडता चौकोन-फुली पूर्ण होते. जुन्या काळ्या मशीनला उलटी शिवण नसते, तरी या पद्धतीने काम अडत नाही. चौकोनावरून दुसऱ्यांदा एकदा फिरावे. तिसऱ्यांदा फिरू नये.

टाका बारीक नको. बारीक टाका म्हणजे मजबूत, असा एक समज आहे. लेपाच्या कापडात तो उलटा ठरतो. बारीक टाक्यांनी पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळ होते आणि कापड त्याच ओळीवर फाटते. एका इंचात आठ टाके पुरेत. ओढीच्या दिशेने जाणाऱ्या शिवणी लांब असाव्यात, आडव्या शिवणी कमीत कमी.

पट्टी, ठिगळ, कड असे सगळे थर एकत्र आले की मशीन जड चालते. पायाने जोर करू नये, सुई मोडते आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. चाक हाताने फिरवत एकेक टाका घालावा. एका लूपला पाच-दहा मिनिटे लागली तर लागू द्यावीत. आठ लूप म्हणजे एका दुपारचे काम आहे. पावसाळी मुक्कामासाठी शिवायची असेल तर दर दोन लूपच्या मध्ये आणखी एक लूप लावावा. म्हणजे सोळा होतील आणि प्रत्येकावरचा भार कमी होईल. त्यासाठी पट्टी ३ मीटर घ्यावी आणि ठिगळांचे चार गोल जास्त कापावेत. ठिगळ न लावता नुसता लूप कुठेही लावू नये.

शिवणीला पाणी लागू नये म्हणून

सुती कॅनव्हास असेल तर शिवणीवर दोन्ही बाजूंनी साधे मेण घासावे आणि इस्त्री अगदी मंद करून जुन्या कपड्यावरून फिरवावी. मेण धाग्यांत मुरते. लेपाच्या कापडाला मात्र इस्त्री लावू नये. त्यासाठी शिवणीवर लावायचे लेपाचे द्रव्य मिळते, ते ब्रशने आतून पातळ लावून दिवसभर वाळू द्यावे. कापड घेतानाच दुकानदाराला लेप कशाचा आहे ते विचारावे, कारण सिलिकॉनच्या लेपावर सिलिकॉनच धरते, दुसरे काही चिकटत नाही. मधल्या जोडीला आणि कण्याच्या दोन्ही टोकांच्या लूपना हे पहिल्यांदा करावे.

घरीच परीक्षा घ्यावी

ताडपत्रीची पहिली परीक्षा डोंगरावर किंवा मैदानावर होऊ नये. चाळीच्या गॅलरीतून कापडाचा एक कोपरा कठड्यावरून खाली सोडावा, वरचे कापड दोघांनी घट्ट धरावे, आणि लूपला १५ लिटर पाण्याची बादली टांगावी. म्हणजे १५ किलोचा भार झाला. पाच मिनिटे ठेवावी. खाली कुणी मूल उभे नाही हे पाहावे, आणि बादली जमिनीपासून वीतभरच उंच असावी. असे आठही लूप तपासावेत.

मग ती जागा उजेडासमोर धरून पाहावी. टाक्यांची भोके गोल दिसली तर शिवण ठीक आहे. लांबट झालेली, उजेड जास्त येणारी भोके दिसली तर तिथे ठिगळ लहान आहे किंवा टाके फार बारीक आहेत. तो लूप काढून, मोठे ठिगळ लावून पुन्हा शिवावा. हे घरी कळले तर तासाभराचे काम. रात्री पावसात कळले तर सगळे कुटुंब जागे.

बांधताना

चांगला शिवलेला लूप वाईट बांधणीने फाटू शकतो. म्हणून चार गोष्टी.

पहिली. कण्याची दोरी छातीइतकी उंच, कडा गुडघ्याइतक्या खाली. उतार असला की पाणी साचत नाही. वारा जिकडून येतो तिकडची कड आणखी खाली घ्यावी.

दुसरी. दोरी आणि लूप यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बांधावा. वाऱ्याचा झटका रबर घेते, टाक्यांवर येत नाही. पंक्चरच्या दुकानात अशी ट्यूब सहज मिळते.

तिसरी. खुंटी ताडपत्रीपासून उलट बाजूला झुकवून ठोकावी आणि दोरी तिच्या बुडाशी, जमिनीलगत बांधावी. सह्याद्रीत कातळावर खुंटी जात नाही. तिथे दोरी एका दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा मोठा दगड ठेवावा. शहरातल्या मैदानावर खुंट्या ठोकायला बहुधा मनाई असते. तिथे आयोजकांना विचारावे, आणि परवानगी असेल तर वीस लिटरचे पाण्याचे कॅन वजनाला वापरावेत. प्रत्येक कॅन २० किलोचा होतो आणि पाणी प्यायलाही राहते.

चौथी. झोपण्याआधी सगळ्या दोऱ्या पुन्हा एकदा ताणाव्यात. नायलॉनची दोरी आणि कापड दव लागले की सैल पडते. सैल ताडपत्री फडफडते, आणि फडफड रात्रभर एकेक टाका झिजवते.

याशिवाय काही धोके शिवणाच्या बाहेरचे आहेत, पण सांगितले पाहिजेत. पॅराशूट कापडाखाली स्टोव्ह किंवा चूल पेटवू नये. ते कापड वितळून अंगावर पडते. विजा चमकत असताना एकट्या झाडाखाली पाल ठोकू नये, आणि दोरी विजेच्या खांबाला कधीही बांधू नये. ओढ्याच्या पात्रात, ते कोरडे असले तरी, मुक्काम करू नये; वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस तिथे अचानक येतो. लेणी पाहायला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की संरक्षित लेण्यांच्या आवारात रात्री राहता येत नाही. मुक्काम गावात करावा.

लूप तुटलाच तर

सुई-दोरा नसताना एक साधी युक्ती आहे. सुपारीएवढा गुळगुळीत खडा घ्यावा. ताडपत्रीच्या कडेपासून वीतभर आत तो कापडाखाली धरावा, कापड त्याच्याभोवती गोळा करावे आणि त्या मानेला दोरी आवळून बांधावी. बोराएवढी गाठ तयार होते. ती निसटत नाही आणि कापडाला भोकही पडत नाही. ताडपत्रीला रिंग नसेल, किंवा रिंग निघाली असेल, तरी याच पद्धतीने बांधता येते. ही युक्ती मुलांना जरूर शिकवावी. खडा टोकदार मात्र नको.

घरी परतल्यावर ताडपत्री ओली घडी करून ठेवू नये. सावलीत पूर्ण वाळवावी, आठही लूप हाताने ओढून पाहावेत, उसवलेला टाका तेव्हाच घालावा. पुढच्या वर्षी जाताना पाहू, असे म्हटले की ते राहून जाते.

हे काम घरातल्या सगळ्यांचे

शेवटी एक गोष्ट. घरातले मशीन म्हटले की ते आईचे किंवा बहिणीचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण सहलीला जाणारा मुलगाच असेल तर त्याच्या ताडपत्रीचे आठ लूप आईने का शिवावेत? त्याला मशीनवर बसवावे. चौकोन-फुलीची शिवण एका संध्याकाळी शिकता येते. ज्याने स्वतः लूप शिवला आहे तो दोरी हिसकावून ओढणार नाही, आणि गडावर कुणाची ताडपत्री फाटली तर पुढे होऊन दुरुस्त करील. मुलींनीही ताडपत्री शिवून थांबू नये. ती ताणून बांधायला, खुंटी ठोकायला आणि गाठ मारायलाही शिकावे.

आणि ज्या महिला मंडळांकडे चार-पाच मशिने आहेत त्यांनी याचा विचार करावा. पावसाळ्याआधीच्या महिन्यात वस्तीतल्या जुन्या ताडपत्र्या गोळा करून प्रत्येकीला नवे लूप आणि ठिगळे लावून दिली, तर कुणाला नवी ताडपत्री विकत घ्यायची गरज पडणार नाही. कामाचे दाम ठरवून घ्यावेत. ते कौशल्याचे काम आहे, उपकाराचे नाही. एकीने ठिगळे कापावीत, एकीने कड घालावी, एकीने लूप शिवावेत, एकीने बादली टांगून तपासावेत. मेहनत वाटली गेली की काम लवकर उरकते, आणि तपासणारे डोळे दुसरीचे असले की चूक सुटत नाही.